रंगकाम, पाणी आणि कामगाराचे मनगट



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, "मोटारीच्या रंगावरचा ओरखडा पाण्याने घासून काढतात, त्या कामाचा इतिहास." चिटणीस क्षणभर बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आपण संपांविषयी बोलाल असे आम्हांला वाटले होते." मी म्हणालो, तेही ओघाने येईल. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, दिवा मालवण्याआधीच्या तासाभरात. तेव्हा विवेचनात उणे दिसले तर श्रोत्यांनी ते सांभाळून घ्यावे. परंतु हा विषय पुस्तकात भेटण्यापूर्वी तो माझ्या हाताला भेटलेला आहे, एवढा अधिकार मी सांगू इच्छितो.

चौदाव्या वर्षी मी शहराबाहेरच्या एका गॅरेजात लागलो. तेथे रंगाचे काम पाहणारे एक वयस्क मिस्त्री होते. आम्ही पोरे त्यांना चाचा म्हणत असू. पहिल्या दिवशी त्यांनी एका गाडीच्या दारावरचा ओरखडा दाखविला आणि म्हणाले, "बाळ, डोळ्यावर विश्वास ठेवू नको. नखाला विचार." नख ओरखड्यावरून आडवे फिरवायचे. ते अडकले नाही तर ओरखडा वरच्या थरातच आहे, घासून निघेल. अडकले तर तो खोल गेला आहे, तेथे पुन्हा रंग चढवावा लागेल. मी विचारले, घासून निघेल म्हणजे भरून निघेल काय? चाचा हसले. ओरखडा कधी भरत नाही, हे मला त्या दिवशी समजले. त्याच्या भोवतालचा सगळा रंग हलके हलके त्याच्या तळापर्यंत उतरवायचा असतो. खळगा जागच्या जागी राहतो. काठच नाहीसे होतात.

हे उतरवणे किती नाजूक असते ते सांगतो. आजच्या मोटारीच्या अंगावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण असे थर असतात. वरचे ते पारदर्शक रोगण साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. त्यातलाही थोडाच भाग घासण्याची मुभा असते. घासण्यासाठी 'वॉटर पेपर' बादलीत भिजत घालतात. कागदाच्या पाठीवरचा आकडा जितका मोठा तितके कण बारीक. २००० नंबरच्या कागदावरचा कण सुमारे १० मायक्रॉनचा असतो. कागद रबराच्या ठोकळ्याला गुंडाळून, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, हात सरळ रेषेत चालवायचा. बोटांच्या टोकांनी दाबले तर बोटांएवढ्या नाल्या पडतात. पाण्यातून निघणारा गाळ दुधासारखा पांढरा दिसतो तोवर कारागीर रोगणात आहे; गाळाला गाडीचा रंग दिसू लागला की तो रंगात शिरला, आणि मालकाच्या शिव्या ठरलेल्या. मधूनमधून पाणी रबराच्या पट्टीने निपटून पाहायचे. घासलेला भाग मंद दिसतो, आणि जेथे अजून चमक राहिली असेल तो खळगा. सगळे एकसारखे मंद झाले म्हणजे २००० वरून ३००० वर यायचे, आणि शेवटी रबिंग कंपाउंड लावून मऊ गादीने चोळायचे. प्रत्येक कागद मागच्या कागदाचे ओरखडे पुसून त्यांहून बारीक ओरखडे पाडतो. अखेरीस ते इतके बारीक होतात की प्रकाश त्यांच्यापाशी अडखळत नाही. आपण जिला चकाकी म्हणतो ती असे असंख्य ओरखडेच होत; फक्त ते दिसत नाहीत.

या साऱ्यात पाण्याचे काम काय, असा प्रश्न मला त्या वयात पडला नव्हता. तो पडला एका उन्हाळ्यात. गावात टँकर येत होते, गॅरेजची विहीर आटली होती. मालक म्हणाले, "दोन महिने कोरडेच घासा, प्यायला पाणी नाही, तुम्हांला बादल्या कुठून देऊ?" त्यांचेही म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आम्ही कोरडे घासू लागलो. संध्याकाळी आम्हां पोरांच्या पापण्या, कान, डब्यातली भाकरी, सगळ्यावर त्या त्या गाडीचा रंग बसलेला असे. चाचांनी तीन दिवस तसे काम केले आणि चौथ्या दिवशी घरून एक घागर सायकलला बांधून आणली. मालकाशी ते एक शब्दही बोलले नाहीत. ते असे का वागले, हे मला कळण्यास पुढे वीस वर्षे लागली, आणि ते कळले तेही इतिहास वाचताना.

आता त्या इतिहासाकडे वळू. मोटार आली तेव्हा तिला रंगविण्याची स्वतंत्र विद्या नव्हती. घोड्याच्या बग्गीचे रंगारी तेच मोटारीचे रंगारी झाले. विलायतेतील उंची बग्गीवर रंगरोगणाचे वीसेक हात चढत. लाकडावर प्रथम सफेत्याचे, म्हणजे जवसाच्या तेलात खललेल्या शिशाच्या पांढऱ्या रंगाचे अस्तर. त्यावर पाटीच्या दगडाची पूड रोगणात कालवून केलेल्या लांबीचे चार-सहा हात. त्यावर एखाद्या वेगळ्या रंगाचा पातळ हात देत. मग प्यूमिस नावाचा दगड पाण्यात बुडवून सगळे घासावयाचे. आपल्या न्हाणीघरात टाच घासण्याची वजरी असते, त्याच कामाचा हा सच्छिद्र दगड. तो ज्वालामुखीतून निघतो आणि पाण्यावर तरंगतो. इटलीजवळच्या लिपारी बेटांवरून तो जगभर जात असे. वरचा वेगळा रंग साफ नाहीसा होईपर्यंत घासले की पृष्ठभाग सपाट झाला असे समजावयाचे, कारण खळग्यातला रंग सर्वांच्या शेवटी जातो. आजच्या गॅरेजात 'गाइड कोट' म्हणून काळा फवारा मारतात, तो या बग्गीवाल्यांचाच वारसा. पुढे रंगाचे हात, रोगणाचे हात, आणि प्रत्येक हातानंतर वाळण्याचा मुक्काम. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. तेलाचे रोगण हवेतला प्राणवायू घेऊन सुकते आणि त्याला घाई सोसत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. दगडाने घासताना पाणी होते, पण अस्तराच्या हातांमध्ये सँडपेपर वापरीत तेथे पाणी नव्हते. त्या काळचा सँडपेपर सरसाने चिकटविलेला असे, आणि सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा उकळलेला अर्क. पाणी लागले की तो विरघळतो. कागद भिजला की कण गळून पडत. म्हणून सफेत्याच्या सुकलेल्या थरावर कोरडा कागद चाले, आणि जी पांढरी धूळ उडे ती शिशाची असे.

शिसे आपल्याला परके नाही. मारुतीच्या अंगावरचा पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच एक रूप, आणि लोखंडाला गंज लागू नये म्हणून पुलांना जे तांबडे अस्तर देत तेही तेच. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला त्यात चित्रकार-रंगाऱ्यांवर वेगळे प्रकरण आहे. पोटात मुरडा मारून कळ येणे, हिरड्यांच्या काठाने निळसर रेघ उमटणे, आणि मनगट लुळे पडणे, ही शिसे भिनल्याची जुनी लक्षणे. त्यांपैकी मनगटाचे मला अधिक वाटते. शिसे हाताच्या ज्या मज्जातंतूंना धरते ते मनगट वर उचलणारे होत. हात पुढे केला की पंजा खाली लोंबतो. ज्या हाताने गाडीला आरसा केला तोच हात पेला उचलू शकत नाही. रंगाऱ्याच्या धंद्यात हे इतके परिचित होते की, इंग्रजीत त्या पोटदुखीचे नावच रंगाऱ्याची पोटदुखी असे पडले.

मालकांचे उत्तर ठरलेले असे. कामगार अस्वच्छ असतो, हात न धुता जेवतो, दारू पितो, म्हणून त्याला शिसे लागते. हे उत्तर माझ्या कानांनीही ऐकलेले आहे. फक्त शिशाऐवजी दुसरी जिन्नस होती. या उत्तराला पुराव्यानिशी खोडून काढणारी व्यक्ती म्हणजे अमेरिकेतील डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन. १९१० साली इलिनॉय राज्याच्या चौकशीपासून तिने शिशाच्या कारखान्यांत आणि कामगारांच्या घरांत हिंडण्यास आरंभ केला. ती दवाखान्याच्या नोंदी पाही, बायकांशी स्वयंपाकघरात बसून बोले. तिचा निष्कर्ष असा की, शिसे मुख्यतः धुळीतून आणि वाफेतून, श्वासावाटे शरीरात जाते. साबणाने हात धुवून हा प्रश्न सुटणारा नाही. रंगाऱ्यांच्या धंद्यावरील तिचा अहवाल अमेरिकन सरकारच्या कामगार-सांख्यिकी खात्याने १९१३ साली छापला. सुकलेल्या शिशाच्या रंगावर कोरडा कागद मारणे हे त्या धंद्यातले अत्यंत घातक काम होय, ही गोष्ट तेथे स्वच्छ येते. १९१९ साली ती हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यापकवर्गात गेली. तेथे नेमली गेलेली ती पहिली स्त्री. माझ्यासारख्या माणसाला तिच्याविषयी आदर वाटतो तो त्या नेमणुकीपेक्षा तिच्या पायपिटीमुळे.

त्याच १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. हिंदी कामगारांच्या वतीने आपले ना. म. जोशी तेथे होते, हे श्रोत्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दोन वर्षांनी, १९२१ साली, जिनिव्हाच्या अधिवेशनात सफेत्याविषयी करार झाला. इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेता वापरण्यास काही अपवाद ठेवून बंदी, आणि जेथे तो वापरला जाईल तेथे कोरडे घासण्या-खरवडण्याच्या धुळीपासून अपाय होऊ नये म्हणून 'शक्य असेल तेथे' उपाय योजावेत, असे त्यात ठरले. 'शक्य असेल तेथे' हे शब्द मी युनियनच्या कामात अनेक करारांत पाहिले आहेत. ते कोण आणि का घालतो ते मला माहीत आहे. तरीसुद्धा कोरड्या घासण्याचे नाव राष्ट्राराष्ट्रांच्या करारात लिहिले गेले, ही लहान गोष्ट नव्हे. इंग्लंडात १९२६ साली वाहनांच्या रंगकामासाठी स्वतंत्र नियम झाले, त्यांत शिशाच्या रंगाचे कोरडे घासकाम मना करण्यात आले.

पण कायद्याने कोरडे घासू नका म्हटले आणि कागद पाण्यात टिकत नसला, तर कारागिराने करावयाचे काय? याचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. अमेरिकेत सेंट पॉल शहरी मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग नावाची कंपनी होती. आज तिला थ्री-एम म्हणतात. १९०२ साली ती खाणकामासाठी निघाली. घासण्याला उपयोगी असे कठीण खनिज सापडले म्हणून भांडवल गोळा केले, आणि ते खनिज कुचकामाचे निघाले. खाण फसली म्हणून नाइलाजाने कंपनी सँडपेपर करू लागली. १९२० साली तिच्याकडे फिलाडेल्फियातील फ्रान्सिस ओकी नावाच्या शाई बनविणाऱ्याचे पत्र आले, की तुमच्याकडे घासण्याच्या कणांचे जेवढे आकार आहेत त्या सर्वांचे नमुने पाठवा. कंपनीच्या मॅकनाइट नावाच्या अधिकाऱ्याला शंका आली, शाईवाल्याला हे कशाला? चौकशी केली तेव्हा कळले की ओकीने पाण्यात न विरघळणाऱ्या चिकट द्रव्याने कण बसवून, पाण्यात चालणारा सँडपेपर तयार केला आहे, परंतु कारखाना काढण्यास त्याच्याजवळ पैसा नाही. कंपनीने त्याचा शोध विकत घेतला आणि त्यालाही कामावर ठेवून घेतले. १९२१ पासून हा कागद 'वेटॉरड्राय' या नावाने विकला जाऊ लागला. पुढे याच ओकीने पुरुषांनी वस्तऱ्याऐवजी बारीक सँडपेपरने दाढी करावी अशी सूचना केली. ती काही चालली नाही.

जिनिव्हाचा करार आणि हा कागद एकाच वर्षीचे, हा निव्वळ योगायोग दिसतो. आपल्या गॅरेजात 'वॉटर पेपर' म्हणून मिळतो तो याच कुळातला. त्यावरचे काळे चमकते कण सिलिकॉन कार्बाइडचे असतात. एडवर्ड अॅचेसन याने १८९१ साली विजेच्या भट्टीत चिकणमाती-कोळशासारख्या साध्या जिनसांवर प्रयोग करताना तो पदार्थ मिळविला आणि त्याला कार्बोरंडम हे नाव दिले.

या कागदाने धूळ बसली आणि शिशाचा धोका उतरला, हे खरे आहे. मात्र मालकांनी तो घेतला तो मुख्यतः काम गुळगुळीत होते, कागद गाळाने बुजत नाही आणि जास्त दिवस टिकतो म्हणून, असे माझे मत आहे. कामगाराच्या फुप्फुसाचे भले त्यात आपोआप झाले. नफ्याच्या वाटेने आलेले भले नफ्याच्या वाटेनेच परत जाऊ शकते; त्याचा प्रत्यय पुढे येईल.

आता दुसरा शोध. पहिल्या महायुद्धात द्यूपाँ कंपनीने बंदुकीची धूररहित दारू प्रचंड प्रमाणात केली. ही दारू म्हणजे नायट्रिक आम्लात प्रक्रिया केलेला कापूस. युद्ध संपले, कारखाने रिकामे पडले, आणि त्याच नायट्रोसेल्युलोजचे लवकर सुकणारे लॅकर निघाले. 'ड्युको' हे त्याचे नाव. १९२४ च्या हंगामातील ओकलंड मोटारी निळ्या ड्युकोने रंगवून १९२३ साली बाहेर पडल्या. तोवर फोर्डची टी मॉडेल १९१४ पासून केवळ काळ्या रंगात निघत होती, आणि ज्याला वेगळा उंची रंग हवा त्याच्या गाडीला रंगशाळेत दोन ते चार आठवडे पडून राहावे लागे. ड्युकोने ते काम दिवसांवर आणले. सोबत फवाऱ्याची बंदूक आली. तिचे मूळ मोठे विलक्षण आहे. ओहायोतील टोलेडो गावचे डॉक्टर अॅलन डीव्हिल्बिस यांनी रोग्याच्या घशात औषध फवारण्यासाठी एक यंत्र केले होते. त्यांच्या मुलाने १९०७ साली त्याचीच रंगाची बंदूक केली. घशात औषध पोहोचविणारे साधन कामगाराच्या घशात रंग पोहोचवू लागले.

ड्युको सुकले की मंद दिसे आणि फवाऱ्यामुळे संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत होई. त्याला चकाकी आणावयाची तर ओल्या कागदाने घासून कंपाउंडने चोळल्यावाचून गत्यंतर नव्हते. याप्रमाणे जे काम बग्गीच्या कारागिराचे कसब होते, ते कारखान्याच्या साखळीवरचे एक ठाणे झाले. बग्गीचा रंगारी सात वर्षे उमेदवारी करी. साखळीवर बसलेल्या माणसाला अर्ध्या दिवसात काम शिकवीत, आणि मग तो दिवसभर पाण्यात हात घालून एकच दार घाशीत राही. मोटार-कामगारांच्या जुन्या संघटनेचे बळ रंगारी आणि गादीकाम करणारे यांच्या कसबात होते. फवारा आणि ड्युको आल्यावर ते बळ ओसरले. डेट्रॉइटच्या कारखान्यांत कृष्णवर्णीय कामगारांना ठराविक कामांपलीकडे जाऊ देत नसत. ती कामे म्हणजे ओतशाळा, रंगाची फवारणी आणि हे ओले घासकाम. चामडी सोलून निघणे, थंडीत हात बधिर होणे, फवाऱ्याच्या पातळ द्रवातले बेंझॉल रक्तात भिनणे, असे या ठाण्यांचे भोग होते.

आणि कापसाची दारू आपला मूळ स्वभाव विसरलेली नव्हती. २३ एप्रिल १९२७ रोजी डेट्रॉइटमध्ये ब्रिग्ज कंपनीच्या मोटारींचे सांगाडे करणाऱ्या कारखान्यात रंगशाळेत स्फोट होऊन आग लागली आणि वीसहून अधिक कामगार मेले. विषाने काम भागले नाही तर ब्रिग्जमध्ये नोकरी धरावी, अशी म्हण त्या शहरात पडली होती. १९३३ च्या जानेवारीत याच कंपनीच्या कामगारांनी संप केला. त्यांच्या तक्रारींत एक मोठी तक्रार 'मेलेल्या वेळे'ची होती. साखळी बंद पडली की माणसाने तेथेच उभे राहावयाचे, पण त्या वेळेचा पगार नाही. सांगाडे मिळेनात म्हणून फोर्डलाही कारखाने थांबवावे लागले. कंपनीने संघटनेशी बोलण्यास नकार दिला आणि संप अखेर मोडला. दोन वर्षांनी, १९३५ साली, युनायटेड ऑटो वर्कर्स ही संघटना उभी राहिली, तिच्यात या संपात तयार झालेली माणसे होती. हारलेल्या संपाचा हिशेब त्याच वर्षी मांडू नये, असे मी आमच्या पोरांना सांगत असतो.

मुंबईशी या कथेचा संबंध लवकरच आला. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याला देशी मोटार घडू लागली. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. कुर्ल्याची पद्मिनी चालू शतकाच्या आरंभी इतिहासजमा झाली. शब्द मात्र मागे राहिला. गावोगावच्या गॅरेजांच्या पाट्यांवर 'ड्युको पेंटिंग' असे लिहिलेले असे, आणि अजूनही कोठे कोठे आहे, मग आत कोणताही रंग मारीत असोत. एका कंपनीच्या डब्यावरचे नाव आपल्याकडे धंद्याचे नाव झाले, जसे तुपाच्या बाबतीत डालडाचे.

चाचा अशाच एका मोठ्या रंगशाळेत तरुणपणी होते. त्यांच्या मोठ्या भावाचे मनगट लुळे पडले होते, हे मला त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलाने सांगितले. घरात त्याला कोणी शिसे म्हणत नसे, वारे म्हणत. कोरडे घासून झालेले आहे, एवढे मात्र चाचांना कोणी न सांगता समजले होते. घागर त्यांनी का आणली याचा उलगडा असा झाला.

आज स्थिती काय आहे? बड्या कंपन्यांच्या सर्व्हिस स्टेशनांत यंत्राने कोरडेच घासतात, परंतु त्या यंत्राला धूळ ओढून घेणारी नळी असते, आणि ती नीट चालत असेल तर पद्धत चांगली आहे. रस्त्याकडेच्या गॅरेजात तेच यंत्र नळीवाचून चालते. कोरडे काम लवकर होते, पाणी वाहून आणावे लागत नाही, आणि गाडी संध्याकाळी द्यावयाची असते. लांबीची भुकटी, जुन्या रंगाची भुकटी, सगळी पोराच्या तोंडावर. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. घराच्या भिंतीसाठी ही उत्तम गोष्ट झाली. पण नियमाचे नावच घरगुती आणि सजावटीचे रंग असे आहे. मोटार त्यात बसत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्यात धूळ आणि वाफ यांवर वेगळे कलम होते, आणि शिसे भिनण्याच्या रोगाची खबर देणे बंधनकारक होते. पण विजेवर चालणारी जागा कारखाना ठरण्यास दहा माणसे लागत. २०२० साली संसदेने कामगारांच्या सुरक्षेविषयी नवी संहिता केली, तिच्यात ती संख्या वीस झाली. ज्या गॅरेजांविषयी मी बोलतो आहे तेथे एक मिस्त्री आणि तीन पोरे असतात. कोणत्याही आकड्याने मोजले तरी ती माणसे कमीच भरतात.

पाणी म्हणजे सर्व रोगांवर औषध, असे मी सांगत नाही. गाळ वाळला की त्याची पुन्हा धूळच होते. म्हणून जमीन ओली असतानाच धुवावी लागते, आणि तो गाळ गटारात सोडला तर शिसे शेजाऱ्याच्या दारी जाते. शिवाय आताचे पारदर्शक रोगण दोन डब्यांचे मिश्रण असते. गॅरेजात त्याला 'पीयू' म्हणतात. त्यातल्या कडक करणाऱ्या द्रवात आयसोसायनेट नावाची रसायने असतात, आणि त्यांचा फवारा श्वासात गेल्यास दमा जडतो. एकदा जडला की पुढे अगदी थोड्या वासानेही उठतो, आणि माणसाला धंदा सोडावा लागतो. तेथे बादली उपयोगी नाही आणि तोंडाला बांधलेला रुमाल तर मुळीच नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटा लागतो. त्याची किंमत ऐकून गॅरेजवाले हसतात. मी त्यांना एवढेच विचारतो की, गादी फिरविण्याचे यंत्र घेताना आपण हसला होता काय?

आमच्या भागातील एका रस्त्यावर अशी अकरा गॅरेजे आहेत. मालकही बहुधा कालचे मिस्त्रीच. त्यांच्याविरुद्ध घोषणा देऊन काय मिळणार? म्हणून गेल्या वर्षी आम्ही सर्वांना एकत्र बसविले आणि चार गोष्टी लिहून दिल्या. घासकाम ओले करावे, नाहीतर नळी लावलेल्या यंत्राने करावे. जेवणाची जागा वेगळी असावी. अठरा वर्षांखालच्या पोराला रंगाच्या खोलीत घेऊ नये. आणि फवारणाऱ्यासाठी अकरा जणांनी मिळून हवेच्या नळीचे दोन मुखवटे घ्यावेत, ज्याची पाळी त्याने वापरावे. पाण्यासाठी एक सामाईक टाकी आणि दर गॅरेजात एक पिंप, हे महिन्याभरात झाले. जेवणासाठी एका चहावाल्याने मागची पडवी दिली. पोरांच्या बाबतीत सात मालकांनी शब्द पाळला आहे, चौघांकडे मी अजून जातो. मुखवट्यांची वर्गणी निम्मी जमली आहे.